सुधारलेल्या मालकाची घंटा

मी सुधारलेला मालक आहे. हे मी स्वतः म्हणत नाही. पुण्याच्या वर्तक सरांनी तसं लेखी दिलं आहे आणि ते प्रमाणपत्र माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर, लॅमिनेशन करून, चार खिळ्यांवर पक्कं ठोकलेलं आहे. ‘श्री. भिमाजी कचरू साळवे, श्रीरामपूर, यांनी शिबिरानंतरचे बदल यशस्वीरीत्या टिकवले.’ खाली सरांची सही, तारीख एप्रिल १९९६. आमच्या आईला, म्हणजे भामाबाईंना, वाचता येत नाही. तिने एकदा त्यावरून बोट फिरवून विचारलं, “काय लिवलंय यात?” मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मंग नूरभाई कुटं हाय?” आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेली. आईने शिबिर केलेलं नाही.

माझा कारखाना एमआयडीसीत आहे. कारखाना म्हटलं की लोकांना चिमणी, भोंगा असं काहीतरी दिसतं. आमच्याकडे पत्र्याची एक शेड, दोन लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि अकरा माणसं. आम्ही कडबाकुट्टी यंत्रं बनवतो. जनावरांचा चारा बारीक कापायचं हे यंत्र बघायला साधं वाटतं, पण त्याचा सगळा जीव पात्यांत असतो. पातं आणि जबडा यांत कागद जाईल इतकीच फट हवी. जास्त झाली तर कडबा कापण्याऐवजी चावून टाकतं, कमी झाली तर पातं घासून मरतं. ही फट मोजायची पट्टी बाजारात मिळते. आमच्याकडे पट्टीऐवजी नूरमहंमदचाचा होते. ते हाताने चाक फिरवायचे, उजवा कान यंत्राला लावायचे, आवाज ऐकायचे आणि नट पाव फेरा आवळायचे. त्यांच्या हातचं यंत्र परत आल्याचं मला तेरा वर्षांत आठवत नव्हतं.

चाचा माझे नोकर होते असं म्हणायला माझी जीभ अजूनही अडखळते. बहात्तर साली आयटीआय करून मी ज्या वर्कशॉपात लागलो तिथे ते मुख्य फिटर होते. तिथे पाण्याचे दोन माठ होते. दुसरा माठ मी कामाला लागलो त्याच दिवशी आला होता. कुणासाठी ते कुणी सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चाचा उठले, माझ्या माठातलं पाणी गटागटा प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “भिमा, ह्यातलं लई गार हाय रं.” महिनाभरात पहिला माठ कोरडा पडला. पुढे मी स्वतःची शेड टाकली तेव्हा ते माझ्याबरोबर आले, आणि उद्घाटनाच्या दिवसापासून भिमा म्हणायचं सोडून शेठ म्हणायला लागले. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. कचरूच्या पोराला कुणी शेठ म्हणतंय, हे कानाला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

आता दोष माझा. मी ओरडतो. वाईट शब्द वापरत नाही, हात उगारत नाही, पगार वेळेवर देतो, पण ओरडतो. पाना सापडला नाही की ओरडतो, सापडला की इतका वेळ कुठे होता म्हणून ओरडतो. फेब्रुवारीत, रमजान ईद होऊन आठवडा झाला होता, जवळच्या बेलापूरच्या एका गिऱ्हाइकाचं यंत्र परत आलं. फट वाढलेली. गिऱ्हाईक समोर उभं, त्याचे दोन भाऊ बाजूला उभे, आणि मी सगळ्या शेडसमोर चाचांवर ओरडलो, “हजारदा सांगितलं नीट बघून द्या म्हणून! ऐकू येत नाही का तुम्हाला?”

चाचांनी पाना उचलला. यंत्र खोललं, नीट केलं, चढवून दिलं. संध्याकाळी हात धुऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, “शेठ, बकरी ईदपर्यंत बघतो. न्हाईतर पोराकडं, फैयाजकडं जातो बेलापूरला. त्याचं सायकलचं दुकान हाय, बसायला जागा हाय.”

बकरी ईद दोन महिन्यांवर होती. चाचा गेले तर फट कोण बघणार हा एक प्रश्न होता. पण खरं सांगायचं तर चाचा गेले तर मी कोण, हा प्रश्न मला जास्त छळत होता. बायको, दीपा, शांतपणे म्हणाली, “तुमच्या ओरडण्यावर औषध शोधा.” आणि तिनेच पेपरातली जाहिरात कापून माझ्या डब्यात पोळीखाली ठेवली. ‘उद्योजकांसाठी तीन दिवसांचे नेतृत्व-परिवर्तन शिबिर. पुणे. बदला स्वतःला, बदलेल उद्योग.’ जाहिरातीला तेल लागलं होतं, तरी फोन नंबर वाचता येत होता.

शिबिराला एकट्याने जावं असं माझ्या मनात होतं, पण श्रीरामपुरात एकट्याने फक्त आजारी पडता येतं. शेजारच्या प्लॉटवर सिमेंटचे पाइप बनवणारे आप्पासाहेब कळताच म्हणाले, “मीही येतो, माझी ट्रॅक्स गाडी काढतो.” त्यांनी एका बेकरीवाल्याला आणि एका फवारणी पंपवाल्याला गोळा केलं. चौघे निघालो. पुण्यापर्यंत आप्पासाहेब आम्हाला सांगत होते की कामगाराला धाकात ठेवणं हाच एक उपाय, बाकी सगळं फॅड. मग तुम्ही कशाला येताय, असं विचारल्यावर म्हणाले, “जेवण चांगलं असतं म्हणे.”

वर्तक सर मार्च महिन्यातही टाय लावून उभे होते. वय असेल तिशीचं. त्यांनी स्वतः कधी कारखाना चालवला होता का, हे विचारायचं राहून गेलं. पण माणूस बोलायचा छान. तीन दिवस आम्ही डोळे मिटून स्वतःला माफ केलं, उघडून दुसऱ्यांना माफ केलं, एकमेकांच्या डोळ्यांत बघत ऐकायचा सराव केला. माझ्या जोडीला आप्पासाहेब आले होते. त्यांच्या डोळ्यांत पाच मिनिटं बघणं हा अनुभव मी विसरायचा प्रयत्न करतोय. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, “मित्रांनो, इथं सगळे बदलतात. घरी गेल्यावर सात दिवसांत नव्वद टक्के लोक मूळ पदावर येतात. बदल होणं सोपं, टिकणं अवघड. एकवीस दिवस साक्षीदार ठेवा. तुमच्याच माणसांपैकी एक, जो तुम्ही चुकलात की त्याच क्षणी घंटा वाजवेल. रोजच्या घंटा मोजा, आलेख काढा. रेघ खाली आली की समजा, तुम्ही बदललात.”

परतताना राहुरी येईपर्यंत चौघांनी शपथा घेतल्या. नव्वद टक्के म्हणजे चारांत साडेतीन, तेव्हा उरलेला अर्धा मी, असं मी मनात ठरवलं.

आप्पासाहेबांनी रोज सकाळी फाटकात उभं राहून प्रत्येक कामगाराला नावाने नमस्कार करायचा नेम धरला. पहिल्या दिवशी कळलं की निम्म्यांची नावं त्यांना माहीत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका माणसाला मोठ्या प्रेमाने “काय रे भाऊसाहेब” म्हटलं. तो भाऊसाहेबचा मेहुणा निघाला, भाऊसाहेब मागच्या वर्षीच काम सोडून गेला होता. चौथ्या दिवशी ते फाटकावर नव्हते. बेकरीवाल्याने रोज एका कामगाराचं सर्वांसमोर कौतुक करायचं ठरवलं होतं. त्याने एकाचं केलं, बाकीचे पाच रुसून बसले, आणि त्या दिवशी गावाला खारी मिळाली नाही. पंपवाला रोज सकाळी आरशासमोर उभा राहून “मी शांत आहे” म्हणत असे. त्याच्या बायकोने माहेरून भावाला बोलावून घेतलं, डॉक्टरला दाखवू म्हणून. दहा दिवसांत तिघे मूळ पदावर आले आणि माझ्या पडण्याची वाट बघत बसले. अशा वेळी माणूस सुधारण्यासाठी सुधारत नाही, हट्टाने सुधारतो.

माझा साक्षीदार कोण, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. मी चाचांना सगळं समजावून सांगितलं. ते दाढी खाजवत म्हणाले, “म्हंजी तुमी वरडले की मी ठोकायचं?”

“हो.”

“लोकांसमोर?”

“हो चाचा. तुम्ही ठोकलं की मी गप्प.”

“बगा हां शेठ,” ते म्हणाले. “मंग मला काय म्हनू नका.”

घंटा आमच्याकडे तयारच होती. शेडच्या मधल्या खांबाला रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला होता. जेवणाच्या सुट्टीला चाचाच त्याच्यावर बोल्ट ठोकायचे. नवीन काही आणायला नको, याचा मला आनंद झाला. सुधारणेत काटकसर झाली की मराठी माणूस दुप्पट सुखावतो.

पहिल्या दिवशी पावणेदहाला मी ड्रिल तुटलं म्हणून ओरडलो. टण्ण! मी गप्प झालो. मनात म्हटलं, वा, पद्धत चालतेय. वळून बघतो तर चाचा सोडून बाकी सगळी माणसं मशीन बंद करून हात धूत होती. कानिफनाथने, म्हणजे आमच्या लेथवाल्याने, डबा सोडून भाकरीवर ठेचासुद्धा घेतला होता. मी ओरडलो, “अरे, जेवायची नाही ही घंटा!” टण्ण! लोकांना वाटलं, जेवण संपलं. सगळे उठले. कानिफनाथ म्हणाला, “शेठ, आजूक बसलोच न्हाई ओ.” मी तोंड उघडलं आणि चाचांनी बोल्ट उचललेला पाहून मिटलं. त्या दिवशी माझी माणसं पाच वेळा जेवायला बसली. आवाज आप्पासाहेबांच्या प्लॉटवर जात असल्याने त्यांचीही तीन वेळा बसली. संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, “साळवे, तुम्ही सुधरा, पण माझे पाइप पाण्याविना वाळवून सुधरू नका.”

मग नियम केला. जेवणाला तीन ठोके, मालकाला एक. हे एमआयडीसीभर झालं. पहिल्या आठवड्यात रोजचे नऊ-दहा ठोके पडत होते. रस्त्याने जाणारे सायकलवाले थांबून मोजायचे. चहाच्या टपरीवर माझ्या ठोक्यांवर पैजा लागायच्या, आणि टपरीवाल्याने मला एकदा कानात विचारलं, “शेठ, आज सात वाजवाल का? जवळच्या मानसाची पैज हाय.” मी त्याच्यावर ओरडलो नाही. टपरी घंटेच्या हद्दीबाहेर होती, तरी ओरडलो नाही. याची नोंद कुठे होत नव्हती, याचंच वाईट वाटलं.

सल्ल्यांचा तर महापूर आला. कुणी म्हणालं, सकाळी ताक प्या. कुणी म्हणालं, चांदीची अंगठी घाला. दीपा म्हणाली की कारखान्यात गप्प राहून तुम्ही घरी जास्त ओरडताय, तेव्हा रुळाचा एक तुकडा स्वयंपाकघरातही टांगूया. आई म्हणाली, “तुजा बाप साऱ्या जल्मात गप बसला, कारन त्याचं कुनी ऐकतच न्हवतं. तू पैसं भरून गप बसाया शिकतुयास. करा, करा.”

दुसऱ्या आठवड्यात ठोके पाचावर आले, मग चारावर. मी ग्राफ पेपर आणला, तांबड्या शाईने रेघ काढली. रेघ चक्क उतरत होती. मजा म्हणजे काही वेळा मी ओरडलो तरी ठोका पडत नसे. विशेषतः लेथच्या बाजूने ओरडलो तर हमखास नाही. ऑफिसच्या दारातून साधं “कानिफ, इकडे ये” म्हटलं तरी कधी टण्ण व्हायचं. मला वाटलं, चाचा सांभाळून घेतात. माणूस दयाळू. मग नकळत मी लेथच्या बाजूने बोलायला लागलो. नकळत म्हणतोय खरा, पण सोमवारी सकाळी मी खुर्चीसुद्धा त्या बाजूला हलवली होती.

याच सुमारास ते साहेब आले. कुठल्या कार्यालयाचे ते लिहीत नाही, कारण त्यांची काहीच चूक नव्हती. ते जीपमधून उतरले, खांबापाशी गेले, रुळाच्या तुकड्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, “ही रेल्वेची मालमत्ता. पावती?”

तेरा वर्षांपूर्वी भंगारातून घेतलेल्या लोखंडाची पावती! मी म्हणालो, “शोधतो.” ते म्हणाले, “शोधा. किती वर्षं वापरताय? कशासाठी?” आता कशासाठी, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, “जेवणाची सुट्टी.” ते म्हणाले, “आम्हाला माहिती अशी आहे की दिवसभर वाजतो.” माहिती कुणी दिली असेल ते कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या टोपीवरून कळत होतं. माझा तोल गेला. “माहिती देणाऱ्यांनी स्वतःचे पाइप सांभाळावेत!” मी ओरडलो. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. टण्ण!

साहेब दचकून मागे सरकले. “हे काय?”

चाचा अदबीने म्हणाले, “साहेब, हे शेठ वरडल्याचं हाय.”

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. ‘सदर रुळाचा तुकडा मालक ओरडल्यावर वाजविण्यात येतो, असे फिटर यांनी सांगितले. प्रत्यक्ष वाजवून दाखविले.’ पंच म्हणून आप्पासाहेबांनी सही केली, टोपी सरळ करून. तुकडा जप्त झाला. तो सोडवायला मी तीन वेळा त्या कार्यालयात गेलो. पहिल्यांदा टेबल चुकलं, दुसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा एक कारकून फाइल काढून बाकीच्यांना बोलावून म्हणाला, “हे बघा, हेच ते ओरडणारे.” माझ्या नावासमोर सरकारी कागदावर ‘ओरडणारे’ असा शिक्का बसला. तुकडा जप्तच राहिला. आम्ही ट्रकचा जुना ब्रेक ड्रम टांगला. त्याचा आवाज बसका होता. त्या ड्रमवर ठोके रोजचे दोनच पडायला लागले.

एकवीस दिवस पूर्ण झाले. मी एसटीडी बूथवरून वर्तक सरांना आलेख तोंडी वाचून दाखवला. ते इतके खूश झाले की मला बूथमध्ये घाम फुटला. “साळवे, आमच्याकडं इतका सुंदर उतार कुणाचाच नाही! आता पुढची पायरी. ऐकण्याचा तास. आठवड्यातून एकदा, प्रत्येक माणसाला पाच मिनिटं. तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, बचाव करायचा नाही. डोळ्यांत बघायचं, तीनदा मान डोलवायची, तो म्हणेल ते वहीत लिहायचं आणि शेवटी फक्त म्हणायचं, ‘समजलं.’ जमेल?”

मला जमणार नाही असं जगात आता काही राहिलं नव्हतं. गुरुवारी चार ते पाच. वहीला खाकी कव्हर, वर ‘श्रवण वही’. इतर दिवशी कुणी काही बोलायला आलं की मी हात वर करून म्हणायचो, “गुरुवारी.” कुणी काय काय सांगितलं ते वाचण्यासारखं आहे. एकाने सांगितलं, संडासाची कडी तुटलीय. समजलं. एकाने सांगितलं, कानिफनाथ गाणी म्हणतो. समजलं. कानिफनाथने सांगितलं, त्याला गाणी म्हणू देत नाहीत. समजलं. कडी अजून तुटलेलीच आहे. मध्ये एक शब्द न बोलणं इतकं कष्टाचं असतं की ऐकायला फारशी ताकद उरत नाही, पण हे सरांच्या पुस्तिकेत नव्हतं.

बुधवारी चाचा दारात आले. “शेठ, एक बोलायचं व्हतं.”

मी हात वर केला. “गुरुवारी, चाचा.”

“बरं,” ते म्हणाले.

गुरुवारी ते सगळ्यांच्या शेवटी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते बोलले, थांबून थांबून, पाच मिनिटांपेक्षा थोडं जास्तच. मध्ये मला दोनदा काहीतरी विचारायची उबळ आली आणि मी ती दोन्ही वेळा गिळली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काय सांगू! तीनदा मान डोलवली. शब्दन् शब्द लिहून घेतला. ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी वही मिटली.

“समजलं,” मी म्हणालो.

चाचांनी माझ्या मिटलेल्या वहीकडे बघितलं. मग टोपी घातली आणि उठले. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून तीन मिनिटं. तीन मिनिटं जास्त दिली म्हणून मला मोठं मन असल्यासारखं वाटलं.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सरांनी मला पुण्याला बोलावलं. पुढच्या तुकडीसमोर अनुभव सांगायला. साठ-सत्तर उद्योजक, मागे पडद्यावर माझा आलेख मोठा करून लावलेला. मी सफारी घातली होती. दीपा सोबत आली होती, आप्पासाहेबही आले होते, जेवणासाठी. मी घंटा सांगितली, पाच वेळा जेवायला बसलेली माणसं सांगितली, सभागृह हसून लोळलं. मग सर म्हणाले, “आता श्रवण वहीतलं एखादं पान वाचून दाखवा. सगळ्यात जुन्या कामगाराचं. तुमच्या साक्षीदाराचं.”

मी पान काढलं आणि माइकमध्ये वाचायला लागलो.

“‘नूरमहंमद. उजव्या कानाने ऐकू येईना झालंय. रमजान ईदच्या आधीपासून. डॉक्टर म्हणतो मशीनच्या आवाजाने गेला, परत येणार नाही. बेलापूरचं यंत्र त्यामुळेच बिघडलं. फट ऐकू येत नाही, अंदाजाने लावतो. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटते. तुमी वरडता ते पण एका बाजूनं ऐकू येत न्हाई, तवा ठोके बरोबर पडत नसतील, तुमचा आलेख खोटा व्हतोय. कानिफनाथला काम शिकवतो, तोवर मला पट्टी आणून द्या. अजून चार वर्षं काढीन. शेठ, तुमी काय म्हनता?’”

खाली माझ्या अक्षरात, दोन रेघा ओढून, ‘समजलं.’ आणि बरोबरची खूण.

हे सगळं मी लिहिलं होतं. मी, माझ्या हाताने, त्यांच्या डोळ्यांत बघत. आणि त्यातला एक शब्दही माझ्या आत शिरला नव्हता. मागे पडद्यावर ती तांबडी रेघ सुंदर उतरत होती. एका माणसाचा कान जात होता आणि मी खुर्ची हलवून त्याच्या मेलेल्या कानाच्या बाजूला जाऊन बसलो होतो.

त्या वेळी मी माइकमध्ये खरं सांगायला हवं होतं. सांगता आलं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. पण सरांनी टाळ्या सुरू केल्या. “पाहिलंत? कामगार मालकाला आपला दोष सांगतो, इतका विश्वास! आणि मालक मध्ये एक शब्द बोलत नाही!” साठ-सत्तर माणसं उभी राहिली. दीपा टाळ्या वाजवत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सरांनी प्रमाणपत्र पुढे केलं. मी ते घेतलं, दोन्ही हातांनी, फोटोसाठी थांबूनसुद्धा.

ईद झाली. सोमवारी चाचा आले नाहीत. कानिफनाथने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. “चाचांनी दिलाय. म्हनले, शेठला बोल, बकरी ईद झाली.” त्यांचे पाने, त्यांची कानस, भिंतीवरचा आरसा, सगळं नेलेलं होतं. ब्रेक ड्रमशेजारी बोल्ट तेवढा ठेवला होता.

मी नगरहून फट मोजायची पट्टी मागवली. ती आली त्याच दिवशी स्कूटर काढून बेलापूरला गेलो. फैयाजचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. त्याची बायको बानू पुढे बसून पंक्चरचे पैसे घेत होती. मला बघून ती उठली, आत बघून म्हणाली, “अब्बा, शेठ आलेत,” आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाली. चाचा बाकावर बसून एका सायकलीच्या चाकाचे आरे आवळत होते. डोळ्यांनी. कान लावलेला नव्हता.

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. हे मला आता बरोबर कळत होतं. पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. आणि बोलायला लागलो. सगळं सांगितलं. खुर्चीचं सांगितलं, आलेखाचं सांगितलं, पुण्याला टाळ्या पडल्या तेव्हा मी गप्प बसलो तेही सांगितलं. बहात्तर सालचा माठ सांगितला. म्हणालो, चाचा, कान नसला तरी तुम्ही या, नुसतं बसा, मला भिमा म्हणा, शेठ म्हणू नका, पाया पडतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पंक्चरवाली पोरं बघायला लागली, तरी मी थांबलो नाही. इतकं मी जन्मात कधी कुणाशी बोललो नव्हतो.

चाचांनी मध्ये मला एकदाही थांबवलं नाही. डावा कान माझ्याकडे केला होता. माझ्या डोळ्यांत बघत होते. तीनदा मान डोलवली, मी मोजली. मी बोलून संपवलं तेव्हा त्यांनी हात फडक्याला पुसले. मग पट्टी उचलून माझ्या हातात परत दिली.

“समजलं, शेठ,” ते म्हणाले, आणि पुढच्या सायकलीचं चाक ओढून घेतलं.